टाकीचं पान आणि खोडलेला भोंगा

वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ६१ वर्षांची आहे. पाणीपुरवठा विभागात ३१ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या भागातल्या काही उत्साही मंडळींनी गावाची माहिती साठवणारा एक विकी सुरू केला आहे. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं असा. मी त्यावर जुन्या पाण्याच्या टाकीचं पान लिहिलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी उघडून बघते तर निम्म्याहून जास्त मजकूर उडालेला, उरलेल्या एका वाक्यापुढे 'स्रोत हवा' असा शिक्का, आणि हे करणारा सदस्य अगदी अनोळखी. मला फार लागलं. मुलगा म्हणतो, एवढा जीव कशाला काढतेस, एआयला सांग, दोन मिनिटांत पान तयार. भाची म्हणते, विकिपीडियावर जे असेल ते उचलून इकडे टाक. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी इतिहासकार नाही. चुकीचं लिहिलं गेलं तर? आणि आपलं लिहिलेलं कोणीही पुसू शकतं अशा ठिकाणी लिहावं तरी का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना रागच आला त्या सदस्याचा. मग तुम्ही सोबत पाठवलेले दोन्ही मजकूर, तुमचा मूळचा आणि कापाकापीनंतर उरलेला, शेजारी शेजारी ठेवले आणि ओळ न ओळ ताडून पाहिली. आता जे सांगते आहे ते तुमच्या पानाकडे बघून सांगते आहे.

आधी मनावरचं ओझं उतरवू. तुमचं एक अक्षरही गेलेलं नाही. पानाच्या वरच्या बाजूला 'इतिहास' असं लिहिलेलं दिसेल, तिथे क्लिक करा. तुम्ही पहिल्यांदा 'जतन करा' दाबलंत तेव्हापासूनची प्रत्येक आवृत्ती तिथे तारीखवेळेसह उभी आहे. कोणी काय काढलं, काय घातलं, हे दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून बघता येतं, आणि जुनी आवृत्ती परत आणायला अर्धं मिनिट लागतं. विकीची सगळी मदार याच सोयीवर आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी लोकांसाठी खुला केला, तेव्हा त्याने नाव घेतलं ते होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या 'विकी विकी' बसवरून. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. आधी झटपट लिहा, मग सगळे मिळून दुरुस्त करा, असा त्यामागचा विचार. पुढे जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय त्यात पक्की रुजली म्हणूनच अनोळखी माणसाच्या हातात लेखणी द्यायची भीती उरली नाही. तेव्हा 'कोणीही पुसू शकतं' हे जितकं खरं, तितकंच 'कोणीही परत आणू शकतं' हेही खरं. ते कोणीही म्हणजे तुम्हीसुद्धा.

आता तुमच्या पानाकडे. तुमची मूळची सुरुवात अशी होती: "आमच्या गावाची शान असलेली ही भव्य टाकी फार जुनी असून तिने पिढ्यान्‌पिढ्या लोकांची तहान भागवली आहे. पूर्वी पाणी सोडण्याआधी इथला भोंगा वाजायचा. टाकी धुवायची तेव्हा चार माणसं दोरीची शिडी लावून आत उतरायची. आता मात्र तिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही."

त्या जागी आता आहे ते एवढं: "ही टाकी जुनी आहे (स्रोत हवा). ती सध्या वापरात नाही."

शान, भव्य, पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द गेले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ते मीही काढले असते. हे शब्द कुठल्याही गावातल्या कुठल्याही टाकीला लावता येतात, म्हणून ते तुमच्या टाकीबद्दल काहीच सांगत नाहीत. 'कोणाचंच लक्ष नाही' हेही गेलं ते बरं झालं. ती तक्रार आहे, आणि तक्रार जिथे करायची तिथे जरूर करा. पण पानावर मात्र जिन्याचा कठडा कुठल्या बाजूला तुटलाय, झाकण आहे की नाही, कुंपणाला कुलूप आहे का, हे लिहा आणि ज्या दिवशी जाऊन पाहिलंत ती तारीख टाका. वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं.

भोंगा आणि दोरीची शिडी मात्र काढायला नको होती. इथे तो सदस्य चुकला, आणि हे मी अगदी ठामपणे म्हणते. सबंध पानात दुसऱ्या कोणालाही लिहिता आली नसती अशी तीच दोन वाक्यं होती. टाकीची उंची कोणीही मोजेल, फोटो कोणीही काढेल. भोंगा वाजायचा हे तो ऐकलेल्या माणसांनाच माहीत, आणि अशी माणसं दर वर्षी कमी होत जाणार.

त्याने ती का काढली असावीत याचा मला अंदाज आहे. विकिपीडियावर काम करून आलेल्या माणसाच्या हाताला एक वळण लागलेलं असतं. तिथे स्वतःचं संशोधन, स्वतःची आठवण चालत नाही. आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलं असावं लागतं, आणि विषयाची पुरेशी दखल घेतली गेलेली असावी लागते. जगभराच्या ज्ञानकोशाला तो नियम योग्यच आहे, नाहीतर कोणीही काहीही लिहील आणि हजारो मैलांवरचा वाचक ते पडताळणार कसा? स्थानिक विकीची गोष्ट वेगळी. ज्याबद्दल कधीच काही छापून आलेलं नाही, येणारही नाही, त्याची नोंद राहावी म्हणून तर तो असतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावी २००४ मध्ये फिलिप न्यूस्ट्रॉम आणि माइक इव्हानोव्ह या दोन विद्यार्थ्यांनी 'डेव्हिस विकी' सुरू केला. विकिपीडियाने दारातूनच परत पाठवलं असतं अशा बारीकसारीक विषयांची पानं तिथे गावकऱ्यांनीच लिहिली. त्या अनुभवातून पुढे इतर गावांसाठी 'लोकलविकी' हा प्रकल्प उभा राहिला आणि २०१० मध्ये त्याला नाइट फाउंडेशन या अमेरिकन संस्थेचं अनुदानही मिळालं. तेव्हा तुमच्या विकीवर कुठला नियम आहे, हे आधी तिथल्या मंडळींना विचारा. आठवणींना जागा असेल, आणि असायलाच हवी, तर भोंगा परत येतो.

फक्त तो परत येताना एका गोष्टीसह यावा: हे आपल्याला कसं माहीत, याच्यासह. समजा तुम्ही असं लिहिलंत: "पाणी सोडण्याआधी टाकीवरचा भोंगा वाजवत असत. १९९३ ते २००१ या काळात इथे काम केलेल्या सदस्याची ही आठवण आहे. भोंगा नेमका कोणत्या वर्षी बंद झाला हे तिला आठवत नाही." (वर्षं मी अंदाजाने घातली आहेत, तुम्ही खरी घाला.) पुढचं वाक्य: "टाकी धुताना चार कामगार दोरीच्या शिडीने आत उतरत. याच सदस्याने हे प्रत्यक्ष पाहिलं आहे." आता यापुढे 'स्रोत हवा' कोण लावणार? स्रोत तुम्हीच, आणि तुम्ही तो उघडपणे सांगितला आहे. उद्या कोणी येऊन म्हणालं की भोंगा आणखी दोन वर्षं वाजत होता, तर तेही त्याखाली त्याच पद्धतीने बसेल. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही राहू द्या, फक्त कोणती कोणाची ते लिहा.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाचलेलं, यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. स्थानिक विकीवर लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त शिस्त लागत नाही, पण एवढी लागतेच. ही मला कशी कळली ते सांगते, कारण तुम्ही 'चुकलं तर?' असं विचारलं आहे आणि मी चुकले आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विकीवर मी एका पादचारी पुलाचं पान लिहिलं. बांधकामाचं साल एका वयस्कर गृहस्थांनी मला सांगितलं होतं, अगदी खात्रीने. मी ते साल नुसतं लिहून टाकलं. 'असं सांगतात' एवढे दोन शब्दही जोडले नाहीत. वर्षभराने एका संस्थेची स्मरणिका निघाली, तीत ते साल माझ्या पानावरून उचललं गेलं. पुढे विकीवर कोणीतरी 'स्रोत हवा' लावला, तेव्हा दुसऱ्या एकाने मोठ्या आस्थेने ती स्मरणिकाच स्रोत म्हणून जोडली. माझीच चूक छापील होऊन मलाच पुरावा म्हणून भेटायला आली. नंतर पुलाच्या पायथ्याशी रंगाखाली दबलेली कोनशिला कोणीतरी घासून वाचली, तेव्हा साल सहा वर्षांनी चुकलेलं निघालं. विकीवरचं मी दहा मिनिटांत सुधारलं. स्मरणिकेच्या प्रती मात्र घराघरांत गेल्या होत्या. त्या अजून तिथेच आहेत, आणि मला ते अजून टोचतं.

म्हणून टाकीचं साल तुम्हाला पक्कं माहीत नसेल तर लिहू नका. कोनशिला शोधा, तिचा सरळ समोरून फोटो घ्या, आणि तीवरचा मजकूर जसाच्या तसा पानावर उतरवा, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. एक सावधगिरी: कोनशिलेवरची तारीख पुष्कळदा पायाभरणीची असते. टाकीत पाणी त्यानंतर किती महिन्यांनी, कधीकधी किती वर्षांनी चढलं, हे ती सांगत नाही. तुमच्या खात्यातल्या माणसाला हे मी सांगायला नको, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं.

आणि 'सध्या' हा शब्द सोडा. 'सध्या वापरात नाही' हे वाक्य त्या सदस्याने तुमच्या पानावर ठेवलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कच्चं वाक्य तेच आहे. सध्या म्हणजे कधी? ते लिहिलं तेव्हा, की मी वाचते तेव्हा? 'नुकतंच', 'गेल्या वर्षी', 'काही दिवसांपूर्वी', 'लवकरच' हे सगळे शब्द लिहिताना गोड वाटतात आणि दोन वर्षांत खोटे होतात. त्याऐवजी महिना आणि साल लिहा. तेच वाक्य मग कितीही वर्षांनी खरं राहतं.

आतापर्यंत मी तुम्हाला धीट व्हा असंच सांगत आले, कारण यातलं जे काही चुकेल ते दुरुस्त होतं. पण स्थानिक विकीवर काही चुका दुरुस्त होत नाहीत. तिथे मात्र हात आखडता घ्या, आणि या भागावर मी थोडी रेंगाळणार आहे.

मघाशी मी इतिहासाच्या पानाचं कौतुक केलं. तेच पान इथे उलटतं. समजा तुम्ही लिहिलंत की अमक्या व्हॉल्व्हमनचं घर तमक्या ठिकाणी आहे, त्यांचा फोन नंबर हा, ते अमुक आजाराने अंथरुणाला खिळले आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने विनंती केली आणि तुम्ही ते काढलंत. पानावरून गेलं, इतिहासातून नाही गेलं. जुनी आवृत्ती उघडली की नंबर तिथे हजर. ती आवृत्ती झाकायची तर प्रचालकालाच, म्हणजे विकीची व्यवस्था बघणाऱ्यालाच, सांगावं लागतं, आणि तोवर कोणी प्रत घेतली असेल, शोधयंत्राने उचलली असेल, तर तीही हातातून गेली. म्हणून जिवंत माणसाबद्दल लिहिताना स्वतःला आधी विचारा: हे त्यांनी स्वतः चारचौघांत सांगितलं असतं का? त्यांचं सार्वजनिक काम लिहा. घर, तब्येत, भांडणं, कर्ज, लग्नं यांच्या वाटेला जाऊ नका, गावात सगळ्यांना माहीत असलं तरीही. गावाला माहीत असणं निराळं आणि नावावरून शोधलं की जगात कोणालाही सापडणं निराळं. जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणी तुम्ही गोळा करणार असाल, आणि कराव्यात असं मला फार वाटतं, तर त्यांना आधीच सांगा की हे विकीवर जाणार आहे, नाव घालू का? 'नाव नको' म्हणाले तर 'एक निवृत्त पंपचालक' एवढ्यावर भागतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक. ३१ वर्षांत तुम्ही जे पाहिलंत त्यातलं काही रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं, आणि काही फक्त खात्यातल्या माणसाला. दुसऱ्या प्रकारातलं विकीवर येऊ देऊ नका. टाकी, तिचा जिना, बाहेरची पाटी हे सगळ्यांसमोर आहे. मुख्य जलवाहिनी जमिनीखाली कुठून वळते, कुठला व्हॉल्व्ह कुठला भाग बंद करतो, कार्यालयातल्या नकाशाचा फोटो, हे नाही. तुम्ही निवृत्त झालात तरी ते पाणी लोक आजही पितात.

फोटोंबद्दलही असंच. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये पुष्कळदा तो कुठे काढला तेही लपून बसलेलं असतं, अक्षांश-रेखांशासह. टाकीच्या फोटोत ते असलेलं उत्तमच. कोनशिलेच्या कागदी नोंदीचा फोटो तुम्ही घरच्या टेबलावर काढला असेल तर मात्र टाकीच्या पानावर तुमच्या घराचा पत्ता चढतो. फोटो विकीवर चढवण्याआधी ते काढून टाकता येतं. आणि ठिकाण मुद्दाम द्यायचंच असेल तर अंशाच्या दशांश चिन्हापुढे चार आकडे पुरतात. चौथ्या आकड्यावर अक्षांशातला फरक साधारण ११ मीटरचा असतो, टाकीएवढी वस्तू त्यात सापडते. फोनमधून येणारे आठ-नऊ आकडे चिकटवून काही जास्त अचूक होत नाही.

जुना फोटो म्हणजे आणखी वेगळं प्रकरण. तुमच्या अल्बममध्ये टाकीच्या उद्घाटनाचा फोटो आहे असं तुम्ही लिहिलं आहे. प्रत तुमच्याकडे आहे याचा अर्थ हक्क तुमच्याकडे आहे असा होत नाही, तो काढणाऱ्याकडे, पैसे देऊन काढून घेणाऱ्याकडे किंवा त्यांच्या वारसांकडे असू शकतो. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर तिथून सुरुवात करा, विचारा, लेखी होकार घ्या. होकार मिळेपर्यंत फोटो घरातच राहू द्या, पण त्यात काय दिसतं ते शब्दांत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. माहितीवर कोणाचा हक्क नसतो, ती मांडण्याच्या शब्दांवर आणि चित्रावर असतो.

इथेच भाचीला उत्तर मिळतं. विकिपीडियाचा मजकूर उचलायला बंदी नाही, पण अटी आहेत. तो ज्या परवान्याखाली आहे त्यात श्रेय द्यावं लागतं आणि पुढचा मजकूरही त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो. तुमच्या विकीचा परवाना नुसता श्रेय मागणारा असेल, आणि लोकलविकीचा तसाच आहे, तर विकिपीडियाचे परिच्छेद तिथे चिकटवणं बसत नाही. पानाच्या तळाशी परवाना लिहिलेला असतो, तो एकदा वाचा. आणि परवान्याचं सोडा, जे एका ठिकाणी आहे तेच दुसरीकडे ओतून गावाला काय मिळालं? त्याऐवजी दुवा द्या.

मुलाचं म्हणणं मी जास्त गंभीरपणे घेते, कारण हे आता घरोघरी होतं आहे. एआयने तुमच्या टाकीचा भोंगा ऐकलेला नाही. त्याला पान लिहायला सांगितलं तर तो 'टाकी' या विषयावर जगभर जे लिहिलं गेलंय त्याच्या वळणाने लिहील, आणि जिथे माहिती नाही तिथे शोभेल असं काहीतरी भरील: एखादं साल, एखादी क्षमता, एखाद्या अभियंत्याचं नाव. भाषा इतकी गुळगुळीत असेल की तुमचा त्यावर चटकन विश्वास बसेल. मोठ्या विषयावर असं काही घुसलं तर ओळखणारे हजार असतात. गावातल्या टाकीवर खोटं साल घुसलं तर ओळखणारे कदाचित तुम्ही दोघी-तिघीच. माझ्या पुलाचं साल आठवा, आणि ते तर एका भल्या माणसाने सांगितलं होतं. टंकलेखनाच्या चुका शोधायला त्याची मदत घ्यायला हरकत नाही, पण नंतर आपला मजकूर त्याच्या मजकुराशी शब्दन्‌शब्द ताडून घ्या. मध्येच एखादं विशेषण गुपचूप आत आलेलं असतं.

कामाला लागताना पहिले काही दिवस नवीन पानं काढू नका, असं माझं मत आहे. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात, शब्द मला फार आवडतो. तुमच्या विकीवरही तसं पान असेल. तिथे ठळक करणं, दुवा देणं, चित्र लावणं करून बघा. मग दुसऱ्यांच्या पानांवर तुम्हाला खात्रीने माहीत असलेल्या बारीक गोष्टी सुधारा. पाण्याच्या वेळा चुकल्या असतील, एखाद्या रस्त्याचं जुनं नाव राहिलं असेल. प्रत्येक वेळी जतन करण्याआधी खालच्या छोट्या चौकटीत काय बदललं ते एका ओळीत लिहा: 'जुनं नाव जोडलं, १९९५ पर्यंत पाटीवर हेच होतं.' ही एक ओळ लिहिणाऱ्या माणसाचं लिखाण लोक सहसा उडवत नाहीत, कारण समोर कोणीतरी विचार करून लिहिणारं आहे हे दिसतं. तुमच्या टाकीच्या पानाच्या इतिहासात ती चौकट दोन्ही बाजूंनी रिकामी आहे. तुमचीही, त्या सदस्याचीही. अर्धा गैरसमज तिथेच झाला.

नावांकडे लक्ष द्या. आपल्याकडे एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, वेलांटी इकडची तिकडे, एखादा अनुस्वार, एखादं जोडाक्षर. वाचणारा त्याच्या सवयीने शोधतो आणि त्याला वाटतं पानच नाही, मग तो दुसरं पान काढतो. प्रत्येक रूपाचं एक पुनर्निर्देशनाचं पान करून ठेवलं की सगळे एकाच ठिकाणी पोहोचतात. लोक टाकीला बोलताना जे म्हणतात, कागदोपत्री नसलेलं नाव, त्याचंही करा. कंटाळवाणं काम आहे आणि फार उपयोगाचं आहे.

लिहिता लिहिता ज्या विषयावर पान नाही असं काही आलं, जसं जुनं पंपघर, तर त्याला दुवा देऊन ठेवा. तो लाल दिसेल. लाल दुवा बघून खाज सुटणारी माणसं असतात, आणि पंपघरात काम केलेलं कोणीतरी तुमच्या गावात नक्की आहे.

लिहिणारे मोजकेच असणार, याची मात्र तयारी ठेवा. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये अशा सामूहिक उपक्रमांबद्दल एक ठोकताळा मांडला होता: शंभरातले ९० नुसतं वाचतात, ९ अधूनमधून हात लावतात, १ सातत्याने लिहितो. तुमच्या गावात तो एक कदाचित तुमचा मजकूर कापणारा सदस्यच असेल. त्याने पान उघडलं, वाचलं, वेळ दिला. तुम्ही दोघं एकमेकांवर रुसलात तर विकी ओस पडायला वेळ लागणार नाही.

हेही विचारून घ्या की विकीची संपूर्ण प्रत दर महिन्याला कोण काढून ठेवतं आणि कुठे. डोमेनचे पैसे भरायचे राहिले, सांभाळणारा माणूस दुसरीकडे गेला, आणि वर्षांची मेहनत एका रात्रीत दिसेनाशी झाली, असं पुष्कळ छोट्या विकींचं झालं आहे. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवरच्या विकीची पानं इतिहासासकट एका फाइलमध्ये उतरवता येतात आणि दुसरीकडे पुन्हा उभी करता येतात. ती फाइल दोन वेगळ्या माणसांच्या घरी असावी. यात संकोच करू नका, लिहिणाऱ्याचा तो हक्क आहे.

तुमचा जुना मजकूर आज परत आणू नका. तसं केलंत तर तो पुन्हा काढेल, तुम्ही पुन्हा आणाल, आणि दोघांचीही संध्याकाळ त्यात जाईल. आधी टाकीच्या पानाला जोडलेल्या 'चर्चा' पानावर जा आणि त्या सदस्याला लिहा. शब्द सुचत नसतील तर हे घ्या, हवं तसं बदला:

"नमस्कार. टाकीच्या पानावरची विशेषणं तुम्ही काढलीत, ते पटलं. भोंगा आणि दोरीची शिडी या दोन गोष्टी मात्र मी नोकरीत असताना स्वतः पाहिल्या-ऐकल्या आहेत. त्या कोणाच्या आणि कोणत्या काळातल्या आठवणी हे स्पष्ट लिहून पुन्हा घालायचा विचार आहे. आपल्या विकीवर अशा आठवणींसाठी काही ठरलेली पद्धत आहे का? चार दिवस वाट बघते, मग घालते. आणि तुम्ही त्या भागात जाणार असाल तर उत्तरेकडच्या खांबाजवळ कोनशिला आहे का ते बघाल का? माझ्या आठवणीत ती तिथे होती, पण आता तिथपर्यंत चढून जाणं मला जमत नाही."